यंत्राला शिकविणारा कलावंत

सुरत शहरातील लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतून फिरणाऱ्या माणसाला यंत्रमागांचा खडखडाट चहूबाजूंनी ऐकू येतो. पण त्याच खडखडाटाच्या शेजारी, एखाद्या अरुंद खोलीत, एक अगदी शांत धंदा चाललेला असतो आणि परक्याचे लक्ष तिकडे सहसा जात नाही. संगणकाच्या पडद्यापुढे एक तरुण बसलेला असतो. साडीच्या काठावरची एक वेल त्याच्यासमोर असते व त्या वेलीचे तो टाक्याटाक्यांत विभाजन करीत असतो. सुई कोठे उतरावयाची, कोठून उचलावयाची, हिरवा दोरा सोडून सोनेरी दोरा कोणत्या क्षणी घ्यावयाचा, पान भरताना टाके कोणत्या दिशेने पाडावयाचे, हे सारे तो ठरवितो. एकदा त्याने ठरविले, की कारखान्यातील भरतकामाचे यंत्र आपल्या अनेक सुयांनी एकाच वेळी तीच वेल भरू लागते. या कामाला ‘पंचिंग’ म्हणतात. पूर्वी असे नमुने कागदाच्या पट्टीवर भोके पाडून यंत्राला दिले जात. आता भोके गेली. पण नाव मात्र राहिले.

या वस्त्यांतून जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने नांदत आहेत. उधना-जळगाव लोहमार्गाने त्यांचे येणेजाणे चालते आणि महापालिकेच्या प्राथमिक शाळांतून त्यांच्या मुलांना मराठीतून शिकण्याची सोयही आहे. अशा घरातील मुलगी पंचिंग शिकली, चार पैसे मिळवू लागली, तर आईबापांना समाधानच वाटेल. पण समजा, तिने एके दिवशी सांगितले की, ‘‘बाबा, मला यंत्राकडून साडी नव्हे, कलाकृती करवून घ्यावयाची आहे. भिंतीवर प्रकाश पडेल, माणूस पुढे आला की त्याची सावली बोलू लागेल, असे काही मला करावयाचे आहे.’’ तर बाप काय म्हणेल? ‘‘पोरी, सावल्या नाचवून घर चालते का?’’ असेच तो विचारील. या प्रश्नात उपहास नाही, काळजी आहे. म्हणूनच त्याला उडवाउडवीचे उत्तर देता कामा नये.

ज्यास आज नवमाध्यम कलावंत असे म्हणतात, त्याचा व्यवसाय नेमका कोणता? चित्रकार रंगांनी काम करतो, शिल्पकार दगडाने व मातीने. नवमाध्यम कलावंत कॅमेरा, ध्वनी, प्रकाश, विद्युतमंडल आणि संगणकाची आज्ञावली यांनी काम करतो. त्याच्या पुष्कळ कृतींना परस्परसंवादी मांडणशिल्प असे नाव आहे. मांडणशिल्प म्हणजे एखादी खोली किंवा जागाच कलाकृती म्हणून मांडणे. आणि परस्परसंवादी म्हणजे तेथे येणाऱ्या माणसाच्या हालचालीवर, स्पर्शावर, आवाजावर त्या मांडणीने उत्तर देणे. हे उत्तर कसे द्यावयाचे, ते यंत्राला आधी शिकवून ठेवावे लागते. तेव्हा हा कलावंत एका अर्थी यंत्राचा शिक्षक होय.

यंत्राला असे शिकविणे ही काही कालपरवाची विद्या नव्हे, आणि सुरतेला तर ती मुळीच परकी नाही. बनारसचे नक्शाबंद कागदावरील फूल आधी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून घेत. कोणते ताणे केव्हा उचलावयाचे याची ती दोऱ्यांत लिहिलेली आज्ञाच असे. पुढे फ्रान्समधील लियों शहरी जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून हेच काम यंत्राकडे सोपविले. भोक असेल तेथे आकडा एक काम करील, नसेल तेथे दुसरे. एवढ्या साध्या युक्तीवर गुलाबाची फुले आणि राजवाडे विणले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पत्ते योजिले. रेशमात विणलेले जाकारचे एक चित्र त्याच्या संग्रही होते. ते विणण्यास सुमारे चोवीस हजार पत्ते लागले होते. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिली, तेव्हा तिलाही मागावरील वेलबुट्टीचीच उपमा सुचली. संगणकाच्या वंशावळीत मागाचे नाव असे फार वर लिहिलेले आहे.

सुरतेच्या तनछोई या वस्त्राची कथाही येथे आठवते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या आश्रयाने सुरतेचे तीन पारशी भाऊ चीनमध्ये गेले, तेथील छोई नावाच्या उस्तादाकडे विणकाम शिकले, आणि ‘तीन छोई’ यावरून त्या कापडाला तनछोई हे नाव पडले, असे परंपरेने सांगितले जाते. याच जमशेटजींच्या देणगीतून मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली उभी राहिली. एकाच धनिकाने एका हाताने विणकरांना परदेशी धाडले आणि दुसऱ्या हाताने चित्रकारांसाठी शाळा काढून दिली. त्या शाळेतून पुढे बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थिनींचा परिचय आता करून घ्यावयाचा आहे. पण त्यापूर्वी पंचिंग करणारा कारागीर आणि नवमाध्यम कलावंत यांच्यामध्ये फरक कोठे पडतो, ते पाहिले पाहिजे.

कारागिराची आज्ञा पूर्ण असावी लागते. पहिल्या साडीवरची वेल आणि हजाराव्या साडीवरची वेल यांत केसाचाही फरक पडता कामा नये. पडला तर माल परत येतो. कलावंताची आज्ञा मात्र मुद्दाम अपूर्ण ठेविलेली असते. तिच्यात एका अनोळखी माणसासाठी जागा राखलेली असते. तो माणूस कोण असेल, कोणत्या बाजूने येईल, थांबेल की निघून जाईल, एकटा असेल की कडेवर मूल घेऊन येईल, यांपैकी काहीही कलावंताला ठाऊक नसते. तरी तो आला म्हणजे काय व्हावयाचे ते त्याने आधीच ठरवावयाचे असते. कापडाच्या नमुन्यात मोकळी जागा ही चूक. येथे मात्र मोकळी जागा हेच मर्म. यंत्राला बारीकसारीक सूचना देण्याची विद्या दोघांचीही एकच. पण परक्या माणसासाठी काय राखून ठेवावे, हे ज्याला कळते तोच या दुसऱ्या प्रांतात कलावंत ठरतो.

ही गोष्ट फार पूर्वी ओळखणाऱ्यांत अमेरिकेतील मायरन क्रूगर याचे नाव घ्यावे लागते. तो संगणकशास्त्राचा विद्यार्थी. १९६९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रकाश आणि ध्वनी यांनी भरलेल्या एका दालनाच्या उभारणीत त्याने भाग घेतला. चालणाऱ्याच्या पावलांनुसार तेथे बदल होत. परंतु लोक ते दृश्य पाहण्यात दंग होत. आपल्यामुळे काही घडते आहे, हे त्यांच्या ध्यानात येईना. त्यावरून क्रूगरने धडा घेतला की चित्र सुंदर असून भागत नाही; माणसाला उत्तर मिळाल्याची जाणीव झाली पाहिजे. पुढे १९७०नंतरच्या दशकात त्याने ‘व्हिडिओप्लेस’ ही कृती सिद्ध केली. तीत माणसाची छायाकृती पडद्यावर उमटे आणि संगणकाने काढलेल्या आकारांशी ती खेळू शके.

आपल्या देशातही त्याच सुमारास हालचाल सुरू झाली होती. मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली. त्या पैशातून त्यांनी एकट्याची चित्रे रंगविली नाहीत. १९६९ साली त्यांनी ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कार्यशाळा काढली व चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांना एकत्र बसविले. तेथे त्यांनी ‘सिझिजी’ नावाचा मूकपट केला. ठराविक नियमांनी रेषा एकमेकींना जोडीत जावयाच्या, त्यांतून शेकडो रेखाचित्रे उभी करावयाची आणि ती चित्रपटाच्या फितीवर क्रमाने उतरवावयाची, असे त्याचे स्वरूप होते. सजीवपटांचे जाणकार राम मोहन यांनी त्यास साह्य केले. संगणक हाताशी नसताना केलेली ती जवळजवळ आज्ञावलीच होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

त्याच वर्षी गुजरातेत, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग नावाचे विद्युत वाद्य बसवून ध्वनिशाळा उभारून दिली. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तेथे कामे केली. जोशीपुरा तर त्या वेळी वास्तुकलेचे विद्यार्थी होते. तेव्हा या कलेचे बीज परदेशातून नुकतेच उडत आले, ही समजूत खरी नाही. सुरतेहून रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या आत पोहोचता येईल अशा दोन्ही दिशांच्या शहरांत ते अर्ध्या शतकापूर्वीच पेरले गेले होते.

पण ते उगवले कितपत? पदमसींच्या कार्यशाळेला फार दिवस पैसा पुरला नाही आणि ती बंद पडली. त्यांच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्या चित्रपटाची एकुलती एक प्रत हरवली. पुढे २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींबरोबर बसून तो आठवणींतून पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. अहमदाबादच्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात वर्षानुवर्षे पडून राहिल्या. २०२३ साली त्यांतील निवडक संगीत लोकांपुढे आले. कॅनव्हास माळ्यावर टाकला तरी तो निदान चित्रच राहतो. यंत्रावर अवलंबून असलेली कला मात्र यंत्र थांबताच अदृश्य होते. या व्यवसायातील हा मोठा धोका आहे आणि त्यात पाऊल टाकणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी जाणून घेतला पाहिजे.

पदमसींच्या त्या कार्यशाळेत वयाने सर्वांत लहान आणि एकटीच स्त्री असलेली एक कलावती होती. तिचे नाव नलिनी मलानी. १९४६ साली कराचीत जन्म, फाळणीनंतर भारतात आगमन, आणि १९६४ ते १९६९ जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण. कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाती घेतला व काही लघुपट केले. कार्यशाळा मिटल्यावर त्या दीर्घकाळ मुख्यतः चित्रेच काढीत राहिल्या. पण हलत्या चित्राचे वेड सुटले नव्हते. १९९८ साली पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या, तेव्हा मंटोंच्या टोबा टेकसिंहाच्या कथेचे स्मरण ठेवून त्यांनी एक व्हिडिओ-मांडणी रचली. निर्वासितांच्या पत्र्याच्या ट्रंकांत दूरदर्शनसंच ठेवून ती मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मांडण्यात आली होती. संग्रहालयात जुनी नाणी आणि मूर्ती पाहण्यास आलेले लोक त्या ट्रंकांभोवतीही थबकत. पुढे फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर चित्रे रंगवून, त्यांतून प्रकाश सोडून त्यांनी सावल्यांचे प्रचंड खेळ मांडले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी विजेच्या पाटीवर बोटाने रेखाटून सजीवचित्रे केली. तशी अठ्ठ्याऐंशी चित्रे २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत एकत्र मांडली गेली. २०२३ साली त्यांना जपानचा क्योतो पुरस्कार लाभला. पहिला लघुपट आणि हा सन्मान यांमध्ये चौपन्न वर्षांचे अंतर आहे. ‘घर चालते का?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आकड्यात आहे: चालू शकते, पण हा रस्ता घाईचा नाही.

दुसरी कलावती शिल्पा गुप्ता. जन्म १९७६, मुंबई. १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे शिक्षण घेतले. म्हणजे त्यांचा आरंभ संगणकापासून नव्हे, तर माती, वजन आणि जागा यांच्यापासून झाला. २००३ साली लंडनच्या टेट या कलासंस्थेसाठी त्यांनी महाजालावरील एक कृती केली. संगणकाची तार घेऊन त्या निरनिराळ्या धर्मांच्या पवित्र स्थळी गेल्या, तारेला आशीर्वाद मिळवून दिला, आणि लोकांना तो आशीर्वाद घरबसल्या उतरवून घेण्याची सोय केली. थट्टा होती, पण तिच्या पोटात भक्ती आणि बाजार यांविषयीचा गंभीर प्रश्न होता. २००४ सालच्या एका कृतीत सैनिकी कापडाचे कपडे घातलेल्या सात स्त्रिया पडद्यावर दिसतात. सातही रूपे कलावतीचीच. पाहणाऱ्याने एकीला निवडले की ती हालचाल करू लागते आणि बाकीच्या तिचे अनुकरण करतात. केवळ बोट दाबून आपण कवायतीचे हुकूम सोडू लागलो आहोत, हे पाहणाऱ्याला हळूहळू उमगते.

त्यांची ‘शॅडो’ ही मालिका २००६-०७ सालची. मोठ्या पांढऱ्या पडद्यासमोर माणूस आला की त्याची सावली तेथे पडते. थोड्याच वेळात वरून दोऱ्यांसारख्या रेषा उतरतात, त्यांवरून वस्तूंच्या सावल्या घसरत येतात आणि माणसाच्या सावलीला चिकटून बसतात. माणूस हात हलवितो, अंग झटकतो, बाजूला होतो; पण ओझे वाढतच जाते. लहान मुले हसतात, उड्या मारतात. मोठी माणसे आधी हसतात आणि मग गप्प होतात. कोणी भाषण केलेले नसते, फलक लावलेला नसतो. ज्याची सावली, त्याचेच ओझे. अर्थ ज्याने त्याने आपल्या अंगाने ओळखावयाचा.

या खेळामागील यंत्रणा समजण्यास कठीण नाही. अशा कृतींत सामान्यतः कॅमेरा आधी रिकाम्या जागेचे चित्र ध्यानात ठेवतो. माणूस आला की नवे चित्र आणि जुने चित्र यांची वजाबाकी केली जाते. जे उरते ती माणसाची बाह्यरेषा. ती रेषा कोठे आहे, हे आज्ञावली सेकंदातून अनेकदा तपासते आणि वरून येणारी आकृती तिला टेकली की तेथेच तिला थांबविते. त्यात सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक उशीर झाला, तर ही आपलीच सावली आहे हा विश्वास डळमळू लागतो. म्हणजे येथेही पंचिंगवाल्याचीच नजर हवी. टाका चुकला तर वेल तुटते. क्षण चुकला तर माणूस दूर जातो.

२००९-१० सालच्या त्यांच्या एका ध्वनिकृतीत तर सारे उलटेच घडते. भिंतीपर्यंत गेलेल्या विटांच्या अरुंद ओळीवर एका माणसाने उभे राहावयाचे, कानांवर श्रवणयंत्र लावावयाचे. मग एक आवाज त्याला एक पाऊल पुढे ये, एक पाऊल मागे हो, असे सांगू लागतो आणि सीमारेषांविषयी बोलतो. येथे माणूस यंत्राला शिकवीत नाही. यंत्रच माणसाला चालविते. आज्ञा पाळता पाळता त्याच्या मनात येते की नकाशावरच्या रेषाही अशाच कोणाच्या तरी सांगण्यावरून आपण पाळीत असतो. ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ ही त्यांची २०१७-१८ सालची कृती कोचीच्या आणि २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत मांडली गेली. अंधाऱ्या दालनात शंभर उभ्या सळ्या, प्रत्येक सळीने भेदलेला एकेक कागद, त्यावर लेखणीमुळे तुरुंगवास भोगलेल्या एकेका कवीच्या ओळी, आणि वरून लोंबणारे शंभर ध्वनिग्राहक. परंतु हे ध्वनिग्राहक ऐकत नाहीत. त्यांची जोडणी उलट करून त्यांना बोलावयास लाविले आहे. एक आवाज उठतो आणि इतर आवाज त्याला साथ देतात. जोडणीतील एवढ्याशा बदलाने ज्यांची तोंडे बंद केली गेली त्यांना वाणी मिळते. विजेच्या ज्ञानाचा आणि कवीच्या व्यथेचा असा मेळ पडला म्हणजे ‘ही कला की यंत्रविद्या?’ हा वाद आपोआप मिटतो.

आता या व्यवसायाच्या तयारीविषयी. मलानी चित्रकलेतून आल्या, गुप्ता शिल्पकलेतून. मुंबईचेच अशोक सुकुमारन हे वास्तुकलेचे विद्यार्थी होते. २००७ साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे त्यांना परस्परसंवादी कलेचा मोठा पुरस्कार मिळाला. म्हणजे या देवळाला अनेक दारे आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर येथील आवारात नवमाध्यमांचे शिक्षण मिळते, मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक डिझाइन केंद्रातही परस्परसंवादाचा अभ्यास होतो. बडोद्याची ललितकला शाखा तर सुरतेच्या अगदी हाकेच्या अंतरावर. साधनेही पूर्वीइतकी महाग राहिली नाहीत. कलावंतांसाठीच तयार केलेली ‘प्रोसेसिंग’ ही आज्ञाभाषा २००१ सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. २००५ साली इटलीत जन्मलेली ‘आर्डुइनो’ ही छोटी विद्युतपाटी तळहातावर मावते. तिला दिवा, चाक, स्पर्श ओळखणारे साधन असे काहीही जोडता येते.

घर कशावर चालते, हेही स्पष्ट सांगावयास हवे. केवळ कलाकृती विकून निर्वाह करणारे फार थोडे. बहुतेकांचे उत्पन्न चार ठिकाणांहून येते: संग्रहालये आणि विज्ञान केंद्रे यांची दालने, प्रदर्शने आणि रंगमंच यांची कामे, महाविद्यालयांतील शिकवणी, आणि अधूनमधून मिळणाऱ्या अधिछात्रवृत्त्या. उत्पन्न नियमित नसते. महिनाभर भरपूर, दोन महिने कोरडे. शिवाय हे काम एकट्याचे नव्हे. कल्पना एकाची असते, आज्ञावली दुसरा लिहितो, तिसरा विजेच्या जोडण्या करतो, चौथा लोखंडी सांगाडा उभा करतो. ज्याला कलावंत म्हणून नाव मिळणार नाही, पण ज्याच्यावाचून कृती उभी राहणार नाही, असा आज्ञावलीकार या क्षेत्रात प्रतिष्ठेने पोट भरू शकतो. पंचिंग शिकलेल्या मुलीला पहिली पायरी म्हणून ही जागा कमी मोलाची नाही. साडीच्या कारखान्यात जसे उस्तादाच्या हाताखाली बसावे लागते, तसेच येथेही.

आणि पदमसींच्या हरवलेल्या फितीचा धडा येथे पुन्हा आठवावयाचा. १९९०नंतर महाजालावरील किती तरी कृती ‘फ्लॅश’ नावाच्या साधनावर उभ्या होत्या. २०२० साल संपताच त्या साधनाचा आधार काढून घेण्यात आला आणि अशा पुष्कळ कृती एका रात्रीत मुक्या झाल्या. म्हणून समंजस कलावंत आता कृतीबरोबर तिची लेखी हकीकत ठेवितात: कोणते यंत्र, कोणती जोडणी, कोणती आज्ञा, आणि विशेषतः पाहणाऱ्याला नेमके काय वाटले पाहिजे. यंत्र बदलले तरी हेतू कळला, म्हणजे नव्या यंत्रावर कृती पुन्हा उभी करता येते. बनारसच्या नक्शाबंदाने बांधलेला नक्शा जपून ठेवला, तर माग बदलला तरी वेल मरत नसे. जुन्या कारागिरांचे हे शहाणपण नव्या कलावंतांनी उचलण्यासारखे आहे.

सुरतेपुरते पाहावयाचे तर या शहराजवळ अर्धी विद्या आधीच आहे. यंत्राला टाक्याटाक्याने शिकविण्याची जी सवय येथील गल्लीबोळांत आहे, ती मोठमोठ्या विद्यापीठांनाही हेवा वाटावा अशी आहे. महापालिकेचे विज्ञान केंद्र येथे आहे. तापीकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला दुरुस्त होऊन संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला आहे. अशा ठिकाणी परस्परसंवादी दालनांची गरज पडते. ती दालने परगावच्या कंत्राटदाराने आणून बसवावयाची, की ज्यांनी याच शहरात बोटांना वळण लाविले त्या मुलामुलींनी रचावयाची, हा प्रश्न उद्याच्या पोटापाण्याचाही आहे आणि अभिमानाचाही. कारखान्यातील पंचिंगचे कामही बदलत आहे. तयार नमुन्यांची नक्कल करणे आता यंत्रालाच अधिकाधिक जमू लागले आहे. केवळ नकलेवर जगणाऱ्याची रोजी त्यामुळे डळमळेल. नवे सुचविणाऱ्याची सहज डळमळणार नाही.

उरलेली अर्धी विद्या मात्र यंत्रापाशी बसून मिळत नाही. ती बाजारात, रुग्णालयाच्या ओट्यावर, रेल्वेच्या डब्यात, माणसे कशी थांबतात, कशी बिचकतात, कशाने हसतात आणि कोणत्या क्षणी गप्प होतात, हे पाहून मिळते. त्यासाठी तरुणाला थोडा मोकळा वेळ द्यावा लागतो आणि घरच्यांनी थोडा धीर धरावा लागतो. लिंबायतच्या त्या बापाने मुलीला नोकरी सोड असे सांगण्याची गरज नाही. दिवसा तिने वेल भरावी. पण आठवड्यातील एक संध्याकाळ तिच्या नावाने राखून ठेवावी. तिने शेजारच्या पोरांपुढे एखादा दिवा मांडावा, कोणी जवळ आले की तो कसा उजळेल ते ठरवावे, आणि मग आपण बाजूला उभे राहून पोरे काय करतात ते पाहावे. पहिल्या वेळी दिवा लागणार नाही. दुसऱ्या वेळी लागेल, पण कोणी थांबणार नाही. ज्या दिवशी एखादे पोर परत फिरून पुन्हा त्या दिव्यापाशी येईल, त्या दिवशी बापाने प्रश्न बदलावा. ‘‘यात पोट भरेल काय?’’ हे तर विचारावेच. पण त्याआधी विचारावे, ‘‘पोरी, ते पोर परत का आले?’’ मुलीला त्याचे उत्तर देता आले, तर तिचा पाय योग्य वाटेवर पडला आहे, असे समजण्यास हरकत नाही.